टाकीपाशी : संकट अमोनियाचं होतं

डोंबिवलीत बावीस वर्षं माशांचं दुकान चालवलं. ते आता भाचा बघतो, पण ‘काका, मासे मेले’ हे सांगायला लोक अजून मलाच गाठतात. या अंकासाठी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच जास्त जागा गेली, त्याला इलाज नाही.

काका, मुलीच्या वाढदिवसाला छोटी टाकी आणली. 12 इंच लांब, 8 रुंद, 8 उंच. फेंगशुईप्रमाणे आठ नारिंगी गोल्डफिश आणि एक काळा सोडला. मी रोज सगळं पाणी बदलायचे, खडीसुद्धा नळाखाली घासून धुवायचे. तरी अकरा दिवसांत नऊच्या नऊ गेले. दुकानदार म्हणाला, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलंय. आमचं चुकलं कुठे?
– एक आई, पिंपरी

ताई, आधी सासूबाईंना सांगा, संकटबिंकट काही नव्हतं. होता तो अमोनिया. घरावर नाही, त्या बारा लिटर पाण्यावर आलेला. ‘संकट अंगावर घेतलं’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार जुनं आहे. त्याने गिऱ्हाइकाचं समाधान होतं आणि पुढच्या रविवारी आणखी नऊ मासे खपतात. मीही सुरुवातीला एकदोनदा म्हटलंय, खोटं कशाला बोलू.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण आत माशाचे कल्ले जळत असतात. मग तो वर येऊन तोंड उघडमीट करतो. आपल्याला वाटतं, भूक लागली. आपण आणखी चिमूटभर खाणं टाकतो. तुमच्याकडेही असंच झालं असणार.

अमोनियाचा बंदोबस्त करणारे जीवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती रोज क्लोरिनच्या पाण्याने धुऊन टाकत होतात. पातेलं रोज घासायचं, दूध रोज नवं घ्यायचं, विरजण लावायचंच नाही आणि दही का लागत नाही म्हणून विचारायचं, तसं झालं हे.

आणि गोल्डफिश? बारा लिटरात एकसुद्धा नको. दुकानात दोन इंचाचा दिसतो तो पिल्लू असतो. गोल अंगाचा वीतभर होतो, लांब अंगाचा फूटभर, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. त्याला खाणं भरपूर लागतं, म्हणून घाणही भरपूर. नऊ गोल्डफिश ठेवायचे तर अंगणात हौद हवा.

टाकी मात्र फेकू नका. तिच्यात एक फायटर मजेत राहील. एकच, दोन नर ठेवले की मारामारी ठरलेली. मासा थायलंडचा, 2019 साली तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याला वर येऊन हवेतला श्वास घेता येतो, म्हणून झाकणाखाली इंचभर जागा मोकळी सोडा. हवेवर जगतो म्हणून दुकानात त्याला काचेच्या पेल्यात ठेवतात, त्यावरून त्याला पेला आवडतो असं समजू नका.

पण आणायची घाई नको. टाकी भरा, छोटा स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावा, जावा फर्नसारखं चिवट झाड ठेवा. मासा नसताना एक दिवसाआड चिमूटभर खाणं टाका, ते कुजून जीवाणूंना अन्न होईल. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंज आणून आपल्या टाकीत पिळा. हे विरजण. पाणी तपासायचं टेस्ट किट घ्या आणि अमोनिया व नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. मुलीला तेवढे दिवस काय सांगायचं? किट तिच्याच हातात द्या. नळीतल्या पाण्याचा रंग रोज बघायला मुलांना आवडतं, माझ्या दुकानात तर त्यावर पैजा लागायच्या.

मासा आल्यावर आठवड्यातून एकदा तीन लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं. नळाचं पाणी चोवीस तास बादलीत उघडं ठेवा किंवा क्लोरिन मारणारे थेंब टाका. स्पंज धुवायचा तो काढलेल्या जुन्या पाण्यातच, दोनदा पिळून. दिवसाला तीन-चार दाणे पुरे, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. पाणी 24 ते 28 अंशांत हवं, म्हणजे तुमच्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत छोटा हीटर लागेल.

आणखी एक. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. भारनियमनाच्या दिवसांत माझा पंप टेबलाखाली होता. रात्री लाइट गेली, हवा थांबली आणि नळीतून पाणी उलटं वाहायला लागलं. सकाळी खालच्या मजल्यावरचे काका भिजलेला पेपर घेऊन दारात उभे. टाकीच्या तळाला चार बोटं पाणी, आणि त्यात माझ्या मॉल्या आडव्या पोहत होत्या. पंप उंच ठेवणं जमत नसेल तर नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवा. चहाच्या पैशात येतो.

आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो. दोन फुटी टाकीत निऑन टेट्रा ठेवायचे आहेत. चालतील का?
– निवृत्त शिक्षक, लातूर

सर, पांढरा थर बसतो म्हणजे तुमचं पाणी जड, क्षारांचं. निऑन अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याचा मासा. तुमच्याकडे तो आणला तर काही दिवस तग धरेल, पण खुलणार नाही. पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला मानवणारे मासे आणा. गप्पी, मॉली आणि प्लॅटी या तिघांना जड पाणी आवडतं. गप्पी म्हणजे तोच, नगरपालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात त्याचीच शेपटीवाली भावंडं.

24 बाय 12 बाय 12 इंचांच्या टाकीत साधारण 56 लिटर मावतात, खडी घातल्यावर पन्नासच्या आत. आठ-दहा गप्पी पुरेत, पण सगळे नर घ्या. दुकानदार जोडी जोडी म्हणून मागे लागेल, ऐकू नका. गप्पीची मादी महिन्याच्या अंतराने पिल्लं देते, आणि नर नसला तरी साठवलेल्या बीजावर कित्येक महिने देत राहते. दिवाळीला पाच घेतले की होळीला शेजारीपाजारी बाटल्या घेऊन फिरावं लागतं.

टाकी भिंतीवरच्या फळीवर ठेवू नका. पाणी, काच, खडी मिळून सत्तर किलोच्या आसपास वजन होतं. खाली लोखंडी स्टँडच हवा.

काका, मी सातवीत आहे. बाबांनी टाकी साफ करायला सकर मासा आणलाय. तो घाण खातो ना?
– नाशिक

बाळा, तो शेवाळ खातो, पण घाण खात नाही, उलट सगळ्यांत जास्त घाण तोच करतो. आज बोटाएवढा आहे, पुढे फूटभराच्या वर जाईल. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं की निघतं. बाबांनाच विचार, त्यांच्याकडे मुदत संपलेलं एखादं असेल.

आणि तो मोठा झाला म्हणून गोदावरीत सोडायचा नाही हं. लोकांनी असे सोडलेले सकर आता कोलकात्याजवळच्या भेरींत, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांत, आणि आंध्रात कोळ्यांच्या जाळ्यात येतात. अंगावर काटेरी कवच, त्याने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. लहान आहे तोवरच पिशवीत घालून दुकानदाराकडे परत ने. पैसे परत मिळणार नाहीत, बदल्यात खाण्याची एक डबी माग.