जहाज मुरगावला लागते, पणजीला नाही

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मुंबईला असलेल्या आई-वडिलांना डिसेंबरात क्रूझने गोव्यात आणावे, जहाज सकाळी धक्क्याला लागल्यापासून संध्याकाळी सुटेपर्यंतच्या आठ तासांत त्यांना मंगेशी, जुने गोवे, पणजी आणि जमल्यास कळंगुट दाखवावे, आणि त्याच जहाजाने परत पाठवावे, असा आपला बेत आहे. शिवाय गॅलरीच्या खोलीचे जादा पैसे द्यावेत का, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला बोट लागेल का, असेही आपण विचारले आहे. मुरगाव बंदराला लागून असलेल्या वास्कोत जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत माझी सव्वीस वर्षे गेली, आणि त्यातला बराच काळ धक्क्यावर उभे राहण्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रवास अवश्य करवा. ठिकाणांची यादी मात्र चारावरून एकावर आणा.

गोव्याची क्रूझ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पणजीचा मांडवीकाठ येतो, आणि हा समज अगदीच निराधार नाही. कोकण किनाऱ्याने येणारी जुनी प्रवासी बोट खरोखरच मांडवीत शिरून पणजीच्या धक्क्याला लागत असे. माझे वडील मुंबईहून 'कोकण सेवक' बोटीने येत, तेव्हा वाटेत वेंगुर्ल्याला बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या सगळे पडावातून किनाऱ्याला जाई, हे वर्णन मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मी स्वतःच पाहिले असावे असे आता वाटते. पण त्या बोटी लहान होत्या. मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्याखाली, वाळूचा दांडा आहे; पावसाळ्यात त्यावर लाटा फुटू लागल्या की मोठ्या मालवाहू होड्या, म्हणजे बार्जदेखील, आत-बाहेर करू शकत नाहीत. हजार-दोन हजार प्रवासी घेऊन येणाऱ्या आजच्या जहाजाला तर कोरड्या हंगामातही तिथे पुरेसे पाणी नाही. म्हणून ते दक्षिणेकडच्या झुआरीच्या मुखाशी, मुरगावच्या भूशिराआड, लाटा अडवणाऱ्या बांधाच्या, म्हणजे ब्रेकवॉटरच्या, आत येते. तिथे ड्रेजिंग करून, म्हणजे तळाचा गाळ उपसून, राखलेली खोल वाट आहे आणि नैऋत्येच्या लाटांना आड येणारा डोंगर आहे.

याचा आपल्या बेताशी संबंध असा की, मुरगावच्या धक्क्यावरून नदीपलीकडचे, पणजीच्या बाजूचे दोना पावल समोर दिसते. पूर्वी तिथून फेरीही चालत असे. आता पाण्यावरून दिसणारे ते पलीकडचे गाव गाठायला वास्को, चिखली, दाबोळी, कुठ्ठाळी, आगशी असा पूर्ण वळसा घालावा लागतो. पणजी तीसेक किलोमीटर पडते आणि कळंगुट पंचेचाळीसच्या आसपास. 2022 च्या अखेरीस नवा झुआरी पूल सुरू झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली हे खरे असले, तरी डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पर्वरीपासून पुढे कळंगुटच्या रस्त्यावर वाहनांची काय गर्दी होते हे गोव्यात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

दुसरे असे की आठ तास हे आठ तास नसतात. जहाज आठला धक्क्याला लागले म्हणजे आठला दोरखंड बांधायला सुरुवात झाली; त्यानंतर उतरण्याचा जिना, म्हणजे गँगवे, लागणार, कागदपत्रांचे सोपस्कार होणार, आणि मग शेकडो माणसे एका अरुंद जिन्यावरून उतरणार. वयस्कर माणसांचा पाय जमिनीला लागेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ सहज होतात. संध्याकाळी सुटण्याच्या वेळेच्या तासभर आधी सर्वांनी परत हजर असावे लागते, आणि ही वेळ कंपनी कंपनीगणिक बदलते, म्हणून सकाळी उतरताना गँगवेपाशी लावलेल्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खासगी गाडीला परवान्याशिवाय बंदराच्या आवारात सोडत नाहीत, फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ओळखपत्र पाहतात. तेव्हा आपण गाडी घेऊन फाटकाबाहेरच थांबायचे आणि आई-वडिलांनी आतल्या बसने तिथवर यायचे. हे सगळे वजा केले की हातात साडेपाच तास उरले तर नशीब.

माझ्या धाकट्या भावाने काही वर्षांपूर्वी ही गोष्ट मनावर घेतली नाही. त्याने कुणा सहलवाल्याकडून 'एका दिवसात संपूर्ण गोवा' घेतला, कळंगुटला जेवण उशिरा आले, परतताना पुलावर वाहने तुंबली, आणि धक्क्यावर पोचला तेव्हा गँगवे उचलायला जेमतेम बारा मिनिटे होती. मी फाटकाशी उभा होतो. वहिनींच्या हातातल्या काजूच्या पिशव्या आणि चेहरा दोन्ही आजही आठवतात. जहाज कुणासाठी थांबत नाही, यात कंपनीचा आडमुठेपणा नसतो. बंदराचा वाटाड्या पायलट, जहाज ओढणारे छोटे टग, धक्क्यावरची पाळी आणि मागे नांगरून पडलेले पुढचे जहाज, सगळ्यांची वेळ एकमेकांत गुंतलेली असते.

म्हणून एकच ठिकाण निवडा, आणि आपल्या घरच्यांची श्रद्धा लक्षात घेता ते मंगेशी असावे. वाटेत कुठ्ठाळीला दोन मिनिटे गाडी थांबवून वडिलांना सांगा की, हीच ती कुशस्थळी, मंगेशाचे मूळ स्थान. 1560 मध्ये पोर्तुगीजांच्या भयाने भक्तांनी लिंग इथून नदीपार प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, नेले. ज्या झुआरीच्या मुखातून सकाळी आपले जहाज आत आले तीच ही नदी, एवढे कळले तरी देवदर्शनाला वेगळा अर्थ येतो. दर्शन, जेवण, आणि दोनच्या आत वास्को. उरलेल्या वेळात गावातल्या दामोदर मंदिरात जा, किंवा सड्यावरच्या जपानी बागेतून खाली बंदर पाहा. जुने गोवे पुढच्या वेळी, गाडीने किंवा रेल्वेने या तेव्हा.

बंदर पाहा असे मी म्हणतो ते उगाच नव्हे. मुरगाव हे पर्यटकांसाठी सजवलेले बंदर नाही, ते कामाचे बंदर आहे, आणि क्रूझच्या जाहिरातीत ते जवळजवळ कधीच दिसत नाही. 1888 मध्ये मीटरगेज रेल्वेने ते कॅसलरॉकमार्गे घाटावरच्या मुलखाशी जोडले गेले. पुढे खनिज लोखंडावर त्याची भरभराट झाली; मांडवी आणि झुआरीतून बार्जांच्या रांगा खनिज घेऊन येत, ते दृश्य 2012 च्या खाणबंदीनंतर एकाएकी ओसरले. आता कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी कोळसा उतरतो, आणि त्याच्या धुळीबद्दल वास्कोकरांची तक्रार जुनी आहे. आपल्या आईने पांढरी साडी नेसून डेकच्या कठड्याला टेकू नये, एवढेच त्यावर सुचवतो. याच बंदरात दुसऱ्या महायुद्धात तीन जर्मन आणि एक इटालियन व्यापारी जहाज तटस्थ पोर्तुगीज पाण्याचा आसरा घेऊन वर्षानुवर्षे पडून होती. 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश स्वयंसेवकांनी त्यांतल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला, आणि जर्मन खलाशांनी आपलीच जहाजे पेटवून बुडवली.

प्रवासातला सर्वांत मोलाचा तास सकाळी जहाज आत शिरतानाचा आहे, आणि नेमका तोच लोक न्याहारीच्या रांगेत घालवतात. वडिलांना उजाडण्यापूर्वी उठवून वरच्या डेकवर जायला सांगा. मुंबईहून मुरगाव समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे, म्हणजे रात्रभराची वाट. पहाटे आग्वादचा दिवा डाव्या हाताला दिसतो, मग काबोचे राजभवन, आणि उजवीकडे मुरगावचे भूशिर वर येऊ लागते. समोरून एक छोटी लाँच येते, जहाजाच्या कुशीला चिकटून चालते, आणि लोंबत्या शिडीवरून एक माणूस वर चढतो. तो बंदराचा पायलट. कप्तान कितीही अनुभवी असला तरी इथल्या प्रवाहाचा आणि वळणाचा रोजचा सराव पायलटलाच असतो, म्हणून त्याला घेणे सक्तीचे आहे. नंतर टग येतात, जहाज ब्रेकवॉटरचे टोक ओलांडून उजवीकडे वळते, आणि खलाशी आधी पातळ दोर धक्क्यावर फेकतात, त्यामागून जाड दोरखंड ओढला जातो. मी हे अक्षरशः शेकडो वेळा पाहिले आहे आणि अजूनही पाहायला थांबतो.

आता खोलीविषयी. गॅलरीचे पैसे देऊ नका. जहाज किनाऱ्यापासून बरेच दूर चालते, रात्री बाहेर काळोख आणि मच्छीमारांचे तुरळक दिवे याखेरीज काही नसते, आणि सकाळचे दृश्य डेकवरूनच चांगले. आईसाठी खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागून घ्या. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. डिसेंबरात समुद्र बहुधा शांत असतो, पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर समुद्रावरचा वारा थोडा वाढतो. बोट लागण्याची गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. परंतु आपण आईच्या रक्तदाबाच्या औषधांचा उल्लेख केला आहे, तेव्हा ती त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. नेहमीची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा मुंबईला चढतानाच काढून घेतात आणि त्या खोलीत कधी पोचतील याचा नेम नसतो.

किनारा सुटला की मोबाइल विमान मोडवर टाकायला सांगा, नाहीतर फोन जहाजावरच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊन बिल फुगते. ओळखपत्रे मूळ असावीत. आणि परतताना जावयासाठी फेणीची बाटली घ्यायची असेल तर ती चढताना सुरक्षा तपासणीत साधारणपणे काढून ठेवतात आणि मुंबईत उतरताना देतात. महाराष्ट्रात नेण्याचे नियम मात्र आधी विचारून घ्यावेत.

तारीख पक्की झाली की इथे कळवा. त्या दिवशी आपल्या जहाजाला कोणता धक्का मिळतो आणि गाडी फाटकाच्या कोणत्या बाजूला उभी करावी, हे मी आदल्या संध्याकाळी विचारून सांगेन.