‘दायित्वा’तून उत्तर गळले कसे?

एका विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात शिकवणाऱ्या वाचकांनी विचारले आहे की, विभागाच्या धोरणपत्रकाच्या मराठी मसुद्याला ‘सामाजिक दायित्व, समानता व वैविध्यता’ असे शीर्षक दिले आहे, ते बरोबर आहे का. आणि ‘दायित्व’ व ‘जबाबदारी’ यांत फरक असल्यास तो कोणता.

शीर्षकातले तिन्ही शब्द बदलावेत असे माझे मत आहे. पहिल्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण कंपन्यांच्या ‘सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’साठी वापरला जाणारा ‘सामाजिक दायित्व’ हा प्रयोग गेली दहा-बारा वर्षे वर्तमानपत्रांतून, पत्रकांतून आणि निमंत्रणपत्रिकांवरून सतत समोर येतो आहे आणि त्यात काही चुकते आहे याची जाणीवच उरलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका व्यवस्थापन महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो असता एका दारावर ‘सामाजिक दायित्व कक्ष’ अशी पाटी दिसली. शेजारच्या वर्गात फळ्यावर ताळेबंद मांडलेला होता. डाव्या रकान्यावर ‘दायित्वे’ आणि उजव्यावर ‘मत्ता’ असे लिहिले होते. एकाच इमारतीत, दहा पावलांच्या अंतरावर, हा शब्द एकदा सद्गुण म्हणून वापरला होता आणि एकदा फेडायचे देणे म्हणून. ताळेबंदातला अर्थ मराठीत रुळलेला आहे. पाटीवरचा मात्र एका शब्दाचा अर्धा भाग तोडून बनवलेला आहे.

मूळ शब्द ‘उत्तरदायित्व’. दायी म्हणजे देणारा, जसे सुखदायी, फलदायी. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. ‘उत्तर’ काढून टाकले की नुसते ‘देणारेपण’ उरते. काय द्यायचे, कोणाला आणि कोणी विचारल्यावर, हे सारे त्या गाळलेल्या तीन अक्षरांत होते.

आणि हे उत्तर म्हणजे साधे प्रत्युत्तर नव्हे, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली आणि पुढे वारसाहक्काच्या बाबतीत महाराष्ट्रात तिचेच प्रामाण्य चालले. तिच्यात न्यायालयीन व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: वादीने मांडलेली तक्रार म्हणजे भाषा, प्रतिवादीने तिला दिलेले ते उत्तर, त्यानंतर क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटी साध्यसिद्धी म्हणजे निकाल. ‘उत्तर’ हा न्यायाच्या कामातला दुसरा पाय आहे. तो पडल्याशिवाय पुढचे दोन पडत नाहीत. उत्तराचेही चार प्रकार आहेत: आरोप नाकारणे, तो मान्य करणे, मान्य करून कारण सांगणे, आणि या गोष्टीचा निवाडा पूर्वीच झाला आहे असे दाखवणे. याहून मोलाचा आहे स्मृतिकार नारदाचा श्लोक, ज्यात दावा हरणारे पाच जण मोजले आहेत: ‘अन्यवादी क्रियाद्वेषी नोपस्थायी निरुत्तरः । आहूतप्रपलायी च हीनः पञ्चविधः स्मृतः ॥’ विचारलेले सोडून भलतेच बोलणारा, पुराव्याला विरोध करणारा, हजर न राहणारा, उत्तर न देणारा आणि बोलावल्यावर पळून जाणारा. कंत्राटी कामगारांच्या वेतनाबद्दल विचारले असता वृक्षारोपणाची छायाचित्रे पुढे करणारी कंपनी या यादीत कुठे बसते, हे वेगळे सांगायला नको. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द आधुनिक काळात घडला असला, तरी त्यातले ‘उत्तर’ मी या न्यायसभेतले मानतो, आणि म्हणून ते गाळलेले मला सहन होत नाही.

आता ‘जबाबदारी’. ‘जवाब’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथे ‘व’चा ‘ब’ झाला. ‘दार’ म्हणजे धरणारा, बाळगणारा, जसा सुभेदार, हवालदार. जबाबदार म्हणजे ज्याच्यापाशी जबाब असतो तो. पोलीस जबाब नोंदवतात तोही हाच, आणि आपण एखाद्याला ‘जाब’ विचारतो तोही याच शब्दाचा आखूड झालेला अवतार. जुन्या मराठीत ‘जाबसाल’ असा एक सुंदर जोडशब्द आहे: जबाब आणि सवाल. अरबीत जबाबदार माणसाला ‘मसऊल’ म्हणतात, ज्याला विचारले जाते तो, आणि तो शब्द ज्या धातूपासून झाला त्याच धातूपासून आपला ‘सवाल’ आला. म्हणजे अरबांनी जबाबदारीचे नाव प्रश्नावरून ठेवले, आपण उत्तरावरून, आणि ‘जाबसाला’त दोन्ही एकत्र नांदतात. लॅटिनमधून आलेल्या ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या इंग्रजी शब्दाच्या आणि ‘फेरआन्टवोर्टुंग’ या जर्मन शब्दाच्या पोटातही उत्तरच आहे. इतक्या दूरदूरच्या भाषांनी जे जपले, ते मराठी पत्रकांनी दहा-बारा वर्षांत हरवावे याचे वाईट वाटते.

‘दायित्वा’चे समर्थक सांगतात की, आपण समाजाचे देणे लागतो असे मराठीत म्हणतोच, तेव्हा देणे या अर्थी ‘दायित्व’ चालावे. ही चूक आहे आणि ती अर्थाच्या मुळाशी जाते. देणे फेडले की खाते बंद होते. जबाबदारीचे खाते बंद होत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी, उदाहरणार्थ ज्यांचा वार्षिक निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे त्यांनी, मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. मात्र कंपनीचा नेहमीचा व्यवसाय आणि केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेले काम त्या खर्चात धरता येत नाही. म्हणजे कारखान्यातल्या स्त्रियांना समान वेतन मिळते का, भरतीत कोणाला डावलले जाते का, हे प्रश्न त्या २ टक्क्यांच्या बाहेरच राहतात. त्या निधीला ‘दायित्व निधी’ म्हणा, तो देण्याचाच निधी आहे. विद्यापीठाच्या विभागाने मात्र ते नाव स्वतःच्या धोरणाला लावू नये. प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्राध्यापकांच्या नेमणुका या सगळ्यांबद्दल त्याला जाब विचारला जाऊ शकतो, आणि तो दिला पाहिजे.

भाषाशुद्धीचे अभिमानी ‘जबाबदारी’ परकी म्हणून नाकारतात. त्यांनी मग निदान ‘उत्तरदायित्व’ पूर्ण लिहावे. परका शब्द घालवताना अर्थही घालवणे ही भाषेची सेवा नव्हे.

‘समानते’बद्दल थोडक्यात. समानता कशाची तरी असते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असे नेमके शब्द आहेत. षष्ठी काढली की ‘समानता’ अधांतरी राहते. ‘समता’ मात्र एकटी उभी राहते. तिला मूल्याचे वजन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या पत्राला ‘समता’ हे नाव दिले, आणि पुढच्याच महिन्यात वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर उद्योगपती जमनालाल बजाजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. म्हणून शीर्षकात ‘समता’ आणि आतल्या कलमांत ‘संधीची समानता’, ‘वेतनाची समानता’ असे लिहावे.

राहिली ‘वैविध्यता’. ‘विविध’चे भाववाचक नाम ‘विविधता’ किंवा ‘वैविध्य’. वैविध्याला पुन्हा ‘ता’ लावणे म्हणजे एकाच दाराला दोन उंबरे बांधणे. ‘साम्यता’, ‘ऐक्यता’ यांचाही दोष हाच. शीर्षक ‘सामाजिक जबाबदारी, समता आणि विविधता’ असे करा. आणि मसुदा छपाईला जाण्यापूर्वी त्याखाली एक ओळ जोडा, की या धोरणाबद्दल विद्यार्थ्याने कोणाकडे विचारणा करायची आणि किती दिवसांत त्याला लेखी उत्तर मिळेल.