नागपूरकडे रुसलेल्या किंवा चिडचिड्या माणसाला काय म्हणतात?

नागपुरात रुसलेल्यासाठी ‘फुगून रायला’ (म्हणजे फुगून राहिला) आणि वैतागलेल्यासाठी ‘कावला’ हे सगळ्यात जास्त चालतं. मी इथेच वाढलो, त्यामुळे हे रोजचं कानावरचं आहे. दोन्हींत गल्लत करू नका. फुगलेला माणूस मनधरणीची वाट पाहत असतो: ‘काहून (का) फुगून रायला बे, जेवून घे ना!’ कावलेल्याच्या मात्र वाट्याला जाऊ नये. मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली की अख्खं घर ‘कावून’ जातं. तोंड फुगवणाऱ्याला गावाकडे ‘थुतर फुगवून बसला’ असंही म्हणतील, पण थुतर म्हणजे थोबाड. तो शब्द दोस्तांतच वापरा, सासुरवाडीत नको. ‘बे’चंही तेच; मोठ्यांना ‘काहून कावून रायले जी?’ एवढंच.

एक लक्षात घ्या, फुगणं आणि कावणं ही क्रियापदं साऱ्या महाराष्ट्राची आहेत, त्यांना नागपुरी करतं ते मागचं ‘रायला’. पुण्याचा माणूस ‘फुगून बसलाय’ म्हणेल. शिवाय याला सरसकट वऱ्हाडी म्हणू नका. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाण्याकडचा भाग. तिथल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि रागावलेला माणूस ‘डोये’ वटारतो. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातही (खंड 7, 1905) वऱ्हाडी आणि नागपुरी जवळच्या, पण वेगळ्या नावांनी नोंदल्या आहेत.