वाचकांचे प्रश्न : धबधब्यापर्यंतची सोपी वाट

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीचे आहोत. जुलैमध्ये मुलाकडे सिअॅटलला जातोय, सहा वर्षांची नातही बरोबर असेल. अर्ध्या दिवसात होईल असा जंगलातला सोपा ट्रेक कोणता? तयारी काय करावी? (पुणे)

उत्तर : माउंट बेकर-स्नोक्वाल्मी नॅशनल फॉरेस्टमधला फ्रँकलिन फॉल्स. सिअॅटलहून आय-९० महामार्गाने पूर्वेला गाडीने साधारण तासाभरावर, एक्झिट ४७. जाऊन-येऊन २ मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटर. चढ ४०० फुटांचा, म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेचा पाव हिस्साही नाही. वाट नदीच्या काठाने, बहुतेक ठिकाणी सावलीची. धबधबा सुमारे ७० फुटांचा आहे आणि त्याच्या वरूनच महामार्गाचा पूल जातो, त्यामुळे घनदाट अरण्यातल्या शांततेची अपेक्षा ठेवू नका.

धडधाकट माणसाला ही वाट तासाभराची आहे. तुम्ही अडीच तास धरा: मूल दर दहा मिनिटांनी काठी-दगड गोळा करायला थांबतंच. शनिवार-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं, म्हणून मधला वार निवडा किंवा आठच्या आत पोहोचा.

खरी अडचण अगदी शेवटी आहे. धबधब्याच्या पायथ्याशी उतरणारा तुकडा अरुंद, खडकाळ आणि तुषारांनी कायम ओला असतो. हजारो पावलांनी खडक गुळगुळीत झालाय, त्यात वर येणारे आणि खाली जाणारे एकाच जागेतून जातात. घसरतात ते बहुधा इथेच. समोरच्याला आधी येऊ द्या, नातीच्या उताराच्या बाजूला मोठ्या माणसाने राहावं, हात खडकाला टेकवायला लाजू नये. जमत नसेल तर धबधबा वरून पाहून परत फिरा. पाण्याखाली उभं राहून फोटो काढू नका. पाणी बर्फाचं, अतिशय गार असतं आणि वरून दगड येऊ शकतो.

माणशी एक लिटर पाणी पुरे. नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका, त्यातल्या जिआर्डिया नावाच्या जंतूमुळे कित्येक आठवडे पोट बिघडू शकतं. जुलैतही विंडचीटर हवाच. सुती कपडे तुषारांनी भिजले की वाळत नाहीत आणि थंडी वाजते, त्यापेक्षा क्रिकेटवाल्यांचे पॉलिएस्टर टी-शर्ट बरे. वाटेच्या सुरुवातीला स्वच्छतागृह आहे, पण पाणी नसलेलं. टिश्यू आणि हात धुवायची बाटली घरून घ्या. मोबाईलला रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत येणार ते घरी सांगून निघा. पासपोर्ट, लॅपटॉप गाडीत ठेवू नका, अशा पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात.

प्रश्न : नॅशनल फॉरेस्ट आणि नॅशनल पार्क एकच ना? एका पासात दोन्ही होईल का? (ठाणे)

उत्तर : दोन्ही वेगळे. फॉरेस्ट अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वनसेवेकडे, पार्क तिथल्या 'इंटिरिअर' म्हणजे सरकारी जमिनी आणि निसर्गसंपत्ती सांभाळणाऱ्या खात्याकडे. फॉरेस्टमध्ये लाकूडतोड, चराई आणि ठरावीक हंगामात शिकारही चालते, म्हणून शरद ऋतूत गेलात तर भडक नारिंगी कपडा अंगावर असू द्या. प्रवेशद्वार, तिकीटखिडकी असं काही नसतं. वर सांगितलेल्या वाटेसाठी गाडीमागे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो: दिवसाला ५ डॉलर, वर्षाला ३० डॉलर. 'अमेरिका द ब्युटिफुल' हा वार्षिक पास असेल तर तोही चालतो, आणि पार्कमध्येही. पास आधीच घेऊन काचेत दिसेल असा ठेवा. तिथे पोहोचल्यावर ऑनलाइन घेऊ, असं म्हणणाऱ्यांना रेंज नडते.

प्रश्न : चढताना त्रास नाही, पण उतरताना गुडघे धरतात. काठी घ्यावी का? (नाशिक)

उत्तर : घ्या, आणि एक नको, दोन घ्या. एकाच काठीने भार एका अंगावर जातो. सपाटीवर काठी धरल्यावर कोपर काटकोनात यावं, एवढी उंची. उतारावर तीच ५ ते १० सेंटीमीटर वाढवा, नाहीतर कंबरेतून वाकावं लागतं आणि तोल पुढे जातो. लांबीचा खटका पुन्हा पुन्हा तपासा. ढिला राहिला तर काठी भार पडताच आत सरकते. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. बुटाची नाडी उतरण्याआधी घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. नवे बूट घालून थेट निघू नका.

प्रश्न : संत्र्याची साल जंगलातच कुजेल, मग ती परत का आणायची? (डोंबिवली)

उत्तर : थंड हवेत सालीला कुजायला कित्येक महिने लागतात. तोवर वासावर खारी आणि पक्षी वाटेवर येऊ लागतात, माणसाच्या हातचं खायची सवय लागते, आणि मग पुढच्या मुलाच्या हातातली पोळी झडप घालून नेतात. चिवडा सांडला तरी तेच. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवा.