इरकलीला कात्री लावण्याआधी

प्रिय मुली,

तुझं रेखाटन निवांत बसून पाहिलं. आजीच्या इरकली लुगड्याची पर्स, पुढे भरतकामातला विठ्ठल, भोवती काठ, खाली घुंगरं. माया दिसते त्यात, पण तुझी आजी अजून दिसत नाही. ही पर्स कुणाच्याही आजीची असू शकेल.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस की वारीत आजीच्या कमरेला चंची खोचलेली असायची. सुरुवात तिथून कर. ती चंची उलगडून समोर ठेव. एकाच लांब पट्टीवर कप्प्याला लागून कप्पा, पानाचा मोठा, सुपारी-काताचा लहान. मग गुंडाळी आणि भोवती दोरी. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आषाढातला पाऊस, दिंडीतली गर्दी, तरी चुन्याची डबी न बघता हाताला लागायची, कारण कोणती वस्तू कुठे हे बोटांना पाठ असायचं. तुझी पर्स तशीच उलगडू दे, तशीच दोरी गुंडाळून बंद होऊ दे. चेन लावू नकोस. पानाच्या कप्प्यात फोन जाईल. आतला एक कप्पा मात्र आजीच्या हरिपाठाच्या पुस्तिकेवरून बेत. टेप नंतर काढ.

विठ्ठलाबद्दल मी हट्टानेच सांगते. पर्स बसमध्ये पायाशी जाते, हॉटेलात खुर्चीखाली सरकते, तिच्यावर चहा सांडतो. देवाचा चेहरा तिथे नको. पुस्तिकेच्या कप्प्यात, अस्तरावर, धावदोऱ्याने तुळशीची मंजिरी काढ. उघडेल तिलाच दिसेल. आजी श्रद्धेविषयी काही बोलल्याचं तुझ्या पत्रात एकही वाक्य नाही, पहाटे अभंग पुटपुटायची एवढंच आहे. पर्सलाही तेवढंच शोभेल. घुंगरं काढून टाक.

आता कापड. इरकलीचं अंग आणि पदर यांचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा असतो. पदराचा रेशमी, अंगाचा बहुधा सुती, आणि मागावरच फासात फास अडकवून विणकर दोन्ही जोडतो. त्याला टोपे-तेणी म्हणतात. तिथून लाल पदर सुरू होतो. लुगड्यातली मला सगळ्यात प्रिय जागा हीच! ती झाकणावर आडवी येऊ दे, पण त्या जोडावर घडी नको आणि ओझं तर मुळीच नको.

लुगडं खिडकीशी उजेडात धर. निऱ्यांचा खालचा भाग आणि जुन्या घड्या विरलेल्या दिसतील. ते भाग अस्तरालाही वापरू नकोस. लाल रंगावर ओला पांढरा रुमाल दाबून बघ, रंग उतरतोय का ते कळेल. जो तुकडा घेशील त्याला मागून मलमल लाव, कच्च्या टाक्यांनी, सैल हाताने. जुन्या रेशमाने वजन पेलायचं नाही. ते काम आतल्या कॅनव्हासचं. पट्टा नुसता वरच्या कडेला टाचलास तर वर्षभरात कापड फाटेल, म्हणून तो कॅनव्हासवरून, तळाखालून पूर्ण फिरवून आण.

आणि घरात विचारलंस का? आई, आत्या, काकू, सगळ्यांना. ते लुगडं एकट्या तुझं नाही. एखादीला त्याची गोधडी हवी असेल, एखादीला ते अखंडच राहावं असं वाटत असेल. तसं निघालं तर पदराजवळचा हातभर तुकडाच माग. या पर्सला तो पुरेल. कापण्याआधी अख्खं लुगडं अंथरून त्याचे फोटो काढ.

तोवर मांजरपाटाचा नमुना शिव, आहे त्याच मापाचा. आठवडाभर कॉलेजला तोच ने. कप्पा कुठे अडतो, दोरी कुठे सुटते, हात कुठे चुकतो ते लिहून पाठव. कात्रीचं आपण त्यानंतर बोलू.

तुझी,
मावशी