लॅपटॉपवर ८ जीबी पण लिहिलंय आणि ५१२ जीबी पण, मग माझी मेमरी नेमकी किती? हे शब्द कुणी सोपे करून सांगेल का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप नवीन घेतलाय, खोक्यावर नोटबुक असं छापलंय, ८ आणि ५१२ असे दोन आकडे आहेत, आत बघितलं तर ४७६ च दिसतात, आणि फोनवर मदत करणारा माणूस रॅम किती, ड्राइव्ह कुठला, रीस्टार्ट केला का असं भराभर विचारत सुटतो तेव्हा काय सांगायचं ते सुचत नाही, विचारायला लाज वाटते. लाज अजिबात वाटून घेऊ नका. घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे लॅपटॉप माझ्याकडेच येतात, आणि मी बघितलंय की पुष्कळदा मशीनला काही झालेलं नसतं, एकच शब्द दोघं जण दोन अर्थांनी वापरत असतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

नोटबुक म्हणजे लॅपटॉपच, वेगळं काही नाही, तो विषय इथेच संपला.

आता मेमरी. हा एक शब्द नीट कळला ना की निम्मं काम झालं, म्हणून यावरच जरा जास्त लिहितो. माझा पहिला लॅपटॉप खूप स्लो चालायला लागला तेव्हा मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं मेमरी वाढवून द्या, त्याने इमानदारीत मोठी हार्ड डिस्क (म्हणजे जास्त स्टोरेज) बसवून दिली, पैसे गेले आणि लॅपटॉप होता तसाच रखडत चालला, कारण कमी पडत होती रॅम. त्याने मी सांगितलं तेच केलं. मला हवं होतं एक आणि तोंडून निघालं दुसरंच. तेव्हापासून मी मेमरी हा शब्दच वापरत नाही, एक तर रॅम म्हणतो नाहीतर स्टोरेज म्हणतो, तुम्हीही तसंच करा.

रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट, हे उदाहरण सगळेच देतात, पण ते ऐकून मान डोलावली जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरायला होतं. त्यापेक्षा हे करून बघा. पेंट उघडा, चार रेघोट्या मारा, आणि सेव्ह न करता बंद करा, विचारेल तेव्हा सेव्ह नको म्हणा. गेलं ना चित्र? ते चित्र आतापर्यंत फक्त रॅममध्ये होतं. आता परत काढा, कंट्रोल दाबून एस दाबा, नाव द्या, मग बंद करा, लॅपटॉपही बंद करा, उद्या चालू करा, चित्र जागेवर असेल, कारण सेव्ह केल्यावर ते स्टोरेजवर गेलं. रॅमला सतत वीज लागते, वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. स्टोरेजला माल सांभाळायला वीज लागत नाही. तुमचे ८ जीबी ही रॅम आहे आणि ५१२ जीबी हे स्टोरेज, आणि या दोन आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते. (वर्डसारखी सॉफ्टवेअर न विचारता अधूनमधून एक प्रत स्टोरेजवर टाकत असतात, वर्डमध्ये मुळात दर १० मिनिटांनी, म्हणून लाइट जाऊनही कधीकधी फाइल परत मिळते, पण त्या भरवशावर बसू नका.)

मग ५१२ चे ४७६ का झाले? कुणी फसवलेलं नाही तुम्हाला. ड्राइव्ह (म्हणजे स्टोरेजचा भाग) बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात (बाइट हे डेटा मोजायचं छोटं माप), आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे तिच्या हिशोबाने १ जीबी होतो १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. बाइट तेवढेच, माप मोठं, म्हणून आकडा लहान दिसतो. ५१२ चे ४७६ दिसतात, २५६ चे २३८, आणि १ टीबीचे (म्हणजे १००० जीबीचे) ९३१. मॅकवर २००९ पासून हजाराच्या पटीतच मोजतात म्हणून तिथे हा फरक दिसत नाही. रॅमचं मात्र वेगळं, तिथे ८ म्हणजे खरोखर १०२४ च्या मापाचे ८, फक्त त्यातला थोडा भाग स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो म्हणून ७.७ किंवा तसलं काहीतरी वापरायला उरलेलं दिसतं.

आता हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स म्हणून भाग आहे तिथे जा, मेमरीवर क्लिक करा (इथे विंडोजवाल्यांनी रॅमलाच मेमरी म्हटलंय, काय करणार). मग ते तसंच उघडं ठेवून ब्राउझरमध्ये एकेक करून वीसेक टॅब उघडा आणि आलेखाची रेघ बघत राहा, कशी चढत जाते ती. ती पार वर टेकली की लॅपटॉप रॅममधला काही माल तात्पुरता स्टोरेजवर हलवायला लागतो, आणि स्टोरेज कितीही चांगलं असलं तरी रॅमपेक्षा खूपच हळू असतं, म्हणून मग माउस अडखळतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. म्हणजे लॅपटॉप हँग होतोय तर फोटो डिलीट करून सहसा काही फरक पडत नाही, टॅब बंद करून पडतो. स्टोरेज अगदी काठोकाठ भरलं असेल तर मात्र तिथेही थोडी जागा करावी लागते. आणि रॅम नंतर वाढवता येईल असं गृहीत धरू नका, बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती आतल्या मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन चिकटवलेली) असते, काढता येत नाही, हे घ्यायच्या आधीच विचारायचं असतं.

ड्राइव्ह कुठला असं विचारलं तर त्याला एवढंच हवं असतं की हार्ड डिस्क आहे का एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे, आणि ती सेकंदाला साधारण १०० एमबीच्या आसपास माल वाचते (हजार एमबीचा १ जीबी धरा). एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप असतात, जुन्या साटा प्रकारची एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई म्हणतात ती सहज ३००० च्या पुढे. एम डॉट टू असाही एक शब्द ऐकाल, तो एसएसडीच्या पट्टीच्या आकाराचा शब्द आहे, वेगाचा नाही, एम डॉट टू आकाराची पट्टी साटाही असू शकते, तेव्हा नुसतं एम डॉट टू लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. जुना लॅपटॉप हार्ड डिस्कवर चालत असेल तर एसएसडी टाकण्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, हे मी कितीतरी मशीनवर बघितलंय.

आणि रॉम. मोबाइलच्या जाहिरातींत स्टोरेजलाच रॉम लिहायची सवय झालीय म्हणून लोक लॅपटॉपची रॉम किती असं विचारतात. लॅपटॉपच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, स्टोरेज म्हणा आणि सोडून द्या.

प्रोसेसर म्हणजे जो प्रत्यक्ष हिशोब करतो तो. इथे एकच सांगतो, आय फाइव्ह, आय सेव्हन ही नुसती दर्जाची पाटी आहे, तिच्या पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा. आय सेव्हन ७५०० यू हा २०१६ चा प्रोसेसर, त्यात २ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशोब करणारा भाग). आय फाइव्ह १२३५ यू हा १२ व्या पिढीचा, त्यात १० कोअर, त्यातले २ जोरदार आणि ८ कमी वीज खाणारे. म्हणजे आय सेव्हन नाव असून तो जुना मागे पडतो, आणि वापरलेला लॅपटॉप घेताना नेमके इथेच लोक फसतात. शेवटी यू असेल तर कमी वीज खाणारा, एच असेल तर ताकदवान पण जास्त तापणारा.

रीस्टार्ट केला का, हा प्रश्न ऐकून लोकांना वाटतं समोरचा टाळतोय. तो टाळत नसतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आली, ती चालू असली की तुम्ही शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो आहे त्या स्थितीत स्टोरेजवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो, म्हणून लॅपटॉप पटकन चालू होतो. पण आत काही बिघडलेलं असेल तर तेही जसंच्या तसं परत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून नव्याने सुरू होतं. पटत नसेल तर तोच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर (म्हणजे प्रोसेसरवर) क्लिक करा, खाली अप टाइम लिहिलेलं असेल, म्हणजे विंडोज पहिल्यापासून सुरू होऊन किती वेळ झाला ते. माझ्या काकूंचा लॅपटॉप रोज रात्री शटडाउन होत होता आणि अप टाइम १९ दिवस दाखवत होता! रीस्टार्ट केला आणि प्रिंटर लगेच सापडला.

याच्याच जोडीला स्लीप आणि हायबरनेट. स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच राहतं, रॅमपुरती थोडी वीज चालू असते, म्हणून झाकण उघडलं की लगेच तयार, पण बॅटरी हळूहळू उतरते. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं स्टोरेजवर लिहून मशीन खरंच बंद होतं. दोन दिवस उघडणार नसाल तर स्लीप नको. आणि स्लीपवर ठेवून बॅगेत कोंबू नका, मध्येच जागा झाला तर हवा मिळत नाही आणि भयंकर तापतो.

नेट १०० चं आहे पण डाउनलोड १२ नेच होतंय, हेही तुम्ही विचारलंय, तर ते बरोबरच होतंय. नेटवाले बिटमध्ये सांगतात आणि डाउनलोड बाइटमध्ये दिसतं, ८ बिटचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. इंग्रजीत लिहिताना बिटचा बी लहान काढतात आणि बाइटचा मोठा, एवढं बघायची सवय लावा. तसंच वायफाय म्हणजे नेट नाही, वायफाय म्हणजे लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा (घरात नेट वाटणाऱ्या डबीपर्यंतचा) बिनतारी रस्ता. वायफायची खूण पूर्ण दिसतेय तरी पान उघडत नाही असं झालं तर लॅपटॉप ते राउटर बहुधा ठीक असतं, राउटरच्या पलीकडे काहीतरी अडलेलं असतं, आणि फोनवर हे एवढं सांगितलं तरी समोरच्याचे बरेच प्रश्न वाचतात.

यूएसबी सी हे त्या चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या तोंडाचं नाव, आत काय चालतं त्याचं नाही. काही सी पोर्टवर चार्जिंग होतं, काहींवर स्क्रीन जोडता येते, काहींवर नुसता डेटा जातो. पोर्टशेजारी चिन्ह असतं ते बघा किंवा मॅन्युअल बघा. चार्जरचेही वॉट बघा, ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा २० वॉटचा लावला तर एक तर चार्ज होणारच नाही नाहीतर इतका हळू होईल की वापरता वापरता बॅटरी उतरतच जाईल.

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग कसा चालवायचा ते सांगणारं छोटं सॉफ्टवेअर, अपडेटनंतर आवाज गेला किंवा टचपॅड बंद पडला तर आधी संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, बोर्डावरच्या चिपमध्ये असतं, त्यात माहीत नसताना काही बदलू नका.

शेवटचा तुमचा प्रश्न की क्लाउडवर (म्हणजे नेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर) फोटो आहेत म्हणजे बॅकअप झाला ना. नाही झाला, आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय. ते असतं सिंक. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं, लॅपटॉपवर डिलीट केलं की क्लाउडवरून जातं आणि मोबाइलवरूनही जातं. माझ्या बहिणीने लॅपटॉपवर जागा करायची म्हणून एक फोल्डर उडवला, क्लाउडवर आहेच असं समजून, आणि मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो सगळीकडून गेले. क्लाउडच्या कचरापेटीत डिलीट केलेलं काही दिवस राहतं, बऱ्याच ठिकाणी ३० दिवस, पण तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, जिला तुमच्या डिलीटचा धक्का लागत नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा (कट नाही, कॉपी), कॉपी झालेली एक-दोन चित्रं तिथूनच उघडून बघा, मग टास्कबारवरच्या खुणेतून इजेक्ट म्हणा आणि काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमचा लॅपटॉप नवीन आहे म्हणताय, फोटो आत्ता कमी असतील, पहिली प्रत या रविवारीच करून टाका.