४५ अंशांच्या उन्हात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची, तर आधी सावली बघा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, सोसायटीत गाडी उघड्यावर लागते, रोजचं फिरणं ५० किलोमीटरच्या आसपास आहे, मागच्या सीटवर आई-वडील असतात. अशात इलेक्ट्रिक क्रॉसओव्हर, म्हणजे एसयूव्हीसारखी जरा उंच गाडी, घेतली तर बॅटरी आपला उन्हाळा सोसेल का. मी भुसावळचा. कामाला रोज जळगावला जातो आणि अशाच गाडीत तीन उन्हाळे काढलेत. माझं म्हणणं, घ्या. पण बुकिंगचे पैसे भरण्याआधी तुमच्या पार्किंगवर पत्रा टाकू देतात का, ते सोसायटीत विचारून घ्या. मॉडेल कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

उन्हात गाडी चालवल्यामुळे बॅटरीचं फारसं बिघडत नाही. गाडी चालू असताना बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणाही चालू असते. बॅटरी म्हातारी होते ती १०० टक्के भरलेली गाडी मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी राहिली की. लिथियमच्या सेलला आपल्यासारखेच २५-३० अंश मानवतात. त्यापुढे पारा चढला की आत नको त्या रासायनिक क्रिया जोर धरतात, चार्ज जितका जास्त तितक्या त्या वेगाने चालतात, आणि त्यात खपलेलं लिथियम परत कामाला येत नाही. आपल्याकडे केळीच्या बागेला गरम वाऱ्याची झळ लागू नये म्हणून कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात. गाडीलाही तसाच आडोसा हवा.

२०१२ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स भागात निस्सान लीफच्या मालकांना हा अनुभव आला. गाड्या नव्याच होत्या, तरी क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या एकेक करून कमी व्हायला लागल्या. त्या बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा : बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का? नेक्सॉन ईव्ही, क्रेटा इलेक्ट्रिक यांना आहे. सिट्रोएन ईसी३ची बॅटरी हवेवर थंड होते. इतर ठिकाणी ती चालून जाईल, पण खानदेशासाठी मी लिक्विड कूलिंगच घ्यायला सांगेन.

दुसरा प्रश्न सेलच्या रसायनाचा. नेक्सॉन ईव्ही, विंडसर, बीई ६ यांत एलएफपी (लिथियम, लोह आणि फॉस्फेट) सेल आहेत, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी (निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट). एनएमसी कमी वजनात जास्त वीज साठवतो, एलएफपी उष्णता जास्त सोसतो आणि सहजासहजी पेट घेत नाही. मी एलएफपी घेतली. एनएमसी घेतलीत तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. एलएफपी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी लागते, नाहीतर गाडीला स्वतःच्याच चार्जचा अंदाज नीट येत नाही. ती पहाटेपर्यंत भरून होईल असं बघा आणि लगेच बाहेर काढा. आगीची धास्ती मलाही होती. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. कारच्या बॅटरीसाठीचा एआयएस-०३८ हा नियम त्यातलाच.

आता कोणी सांगत नाही ती गोष्ट : अर्थिंग. पहिल्याच मे महिन्यात माझ्या चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग होईना. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि काही सापडलं नाही म्हणून परत दिली. शेवटी गल्लीतल्या जुन्या वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि चार्जिंग सुरू झालं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून तडकते, अर्थिंग कमकुवत होतं, आणि चार्जर ते ओळखून स्वतःला बंद करतो. त्याचं बरोबरच असतं, त्यात आपल्याच जिवाची काळजी आहे. मी नंतर चार्जरसाठी वेगळा खड्डा नीट करून घेतला. तुम्ही हे काम गाडी येण्याआधीच उरका. मोठ्या चार्जरचा हट्ट नको. ५० किलोमीटरला साधारण ७-८ युनिट लागतात, १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्री तीन तासांत तेवढे भरतात.

रेंज किती कमी होईल, याची जेवढी भीती घालतात तेवढी ती होत नाही. माझी गाडी फेब्रुवारीत हायवेवर ३०० किलोमीटर जाते, मे महिन्यात एसी पूर्ण लावून २६० च्या पुढेमागे. जास्त वीज जाते ती तापलेली केबिन गार करण्यात. म्हणून निघायच्या दहा मिनिटं आधी, गाडी प्लगला असतानाच, मोबाइलवरून एसी लावा. तो खर्च बॅटरीतून जात नाही. काचेचं मोठं छत घेऊ नका. शोरूममध्ये छान वाटतं, इथे दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं. रंग पांढरा घ्या.

लांबच्या प्रवासाला पहाटे निघा. भर दुपारी हायवेवर तापलेली बॅटरी आणि उन्हात उभा असलेला चार्जर एकत्र आले की चार्जिंगचा वेग निम्म्यावर येतो. बऱ्याच चार्जरवर छप्परही नसतं. वडीलधारी माणसं सोबत असताना तो अर्धा-पाऊण तास फार जड जातो. त्यामुळे मी हॉटेलच्या आवारातलाच चार्जर निवडतो आणि जेवण तिथेच उरकतो.

आणखी एक. या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. बहुतेक गाड्यांत ती जुन्याच लेड-ॲसिड प्रकारची असते आणि उन्हाने लवकर जाते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. माझी तिसऱ्या उन्हाळ्यात अशीच बसली. दर एप्रिलमध्ये तपासून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी नऊला देतो म्हणतील, ती घेऊ नका. दुपारी दोनला जा, गाडी आधी तासभर उन्हात उभी करायला सांगा आणि आईला सोबत न्या. त्यांना मागे बसवून अर्धा तास फिरा. मागे एसी पोहोचतो का, मांडीखाली सीट भाजते का, हे त्यांनाच विचारा.